भाजीच्या पिकअपमधून जखमीला नेलं, आता पोलीस बोलावतात

वाचकाचं पत्र

माझे यजमान बेळगावहून भाजी आणतात. पहाटे चोर्ला घाट उतरून साखळी, डिचोली, म्हापसा असा माल टाकत जातात. मागच्या महिन्यात धो धो पाऊस होता. घाट संपून केरीच्या पुढे आल्यावर रस्त्याच्या कडेला एक माणूस पडलेला दिसला, स्कूटर गटारात. ठोकर देणारा पळाला होता. यजमानांनी १०८ ला फोन लावला, पण रेंज येत-जात होती, बोलणं अर्धवट राहिलं. त्या माणसाच्या तोंडातून रक्त येत होतं, श्वास घरघरत होता. म्हणून यांनी हेल्मेट काढलं, कोबीच्या गोणी बाजूला सारून बारदानावर त्याला आडवं निजवलं आणि जवळच्या इस्पितळात पोचवलं. तिथून त्याला बांबोळीच्या मोठ्या सरकारी इस्पितळात हलवलं. तिसऱ्या दिवशी तो गेला.

इस्पितळात आधी पैसे भरायला सांगितले, मग नाव-पत्ता-फोन लिहून घेतला. हवालदार आला, त्याने तिथेच जबाब घेतला. गाडी दुपारपर्यंत अडकवली, निम्मी भाजी कुजली. त्यानंतर दोनदा पोलीस स्थानकावर बोलावलं. दुसऱ्या खेपेला विचारलं, "नक्की तुमचीच गाडी लागली नाही ना?" आता मयताचा मेहुणा फोन करून म्हणतो, हेल्मेट काढून ओढाताण केलीत म्हणून त्याची मान गेली, केस घालतो. सासूबाई म्हणतात, "तुका कितें पडलां?" यजमान कुणाशी धड बोलत नाहीत. सोमवारी या म्हणून पोलिसांचा तिसरा फोन आलाय. जावं का? खरंच केस होईल का? आणि मुलगा कॉलेजला बाइकने जातो. असा प्रसंग आला तर थांब म्हणून सांगू, की थांबू नको म्हणून?

– सत्तरी तालुक्यातील (गोवा) एक वाचक

ताई,

सोमवारचं पुढे बघू. आधी मेहुण्याचं, कारण झोप त्यानेच उडवलेली दिसते.

त्याच्या म्हणण्यावर केस उभी राहत नाही. मोटर वाहन कायद्यात २०१९ साली जी दुरुस्ती झाली, तिच्यात कलम १३४-अ आलं. ते सांगतं की मोटर अपघातातल्या जखमीला कुणी सद्हेतूने, आपणहून, मोबदल्याची आशा न धरता मदत केली आणि त्या मदतीत हयगय होऊन जखमीला इजा झाली किंवा तो दगावला, तरी मदत करणाऱ्यावर दिवाणी दावाही चालणार नाही आणि फौजदारी खटलाही नाही. जागेवर केलेले उपचार त्यात येतातच, इस्पितळात नेऊन पोचवणंही येतं, आणि तसं ते स्पष्ट लिहिलेलं आहे. रुग्णवाहिकेतून नेलं की कोबीच्या पिकअपमधून, याने काही बिघडत नाही.

यातला 'हयगय' हा भाग नीट ध्यानात घ्या. सगळं शास्त्रशुद्ध केलं असेल तरच कायदा पाठीशी उभा राहतो, अशी बऱ्याच जणांची समजूत असते. तसं असतं तर ह्या कलमाचा उपयोगच काय होता? बिनचूक केलेल्या कामाला संरक्षण कशाला लागतं! पहाटेच्या काळोखात, पावसात, एकटा, घाबरलेला भाजीवाला डॉक्टरसारखा वागणार नाही हे धरूनच ते लिहिलं गेलंय. उद्या मेहुण्याने कुठून तज्ज्ञाचं मत आणून हेल्मेट काढायला नको होतं असं सिद्ध केलं, तरी त्यातून यजमानांवरची जबाबदारी निघत नाही.

आणि हेल्मेट काढायला नको होतं, हेही मला पटत नाही. शुद्ध हरपलेल्या स्वाराचं हेल्मेट शक्यतो काढू नये, मानेला दुखापत असू शकते, हा प्रथमोपचाराचा नियम खरा. पण त्याच्याही वरचा नियम श्वासाचा. तोंडात रक्त साठून श्वास घरघरत असेल आणि हेल्मेट आड येत असेल, तर ते काढावं लागतं. मानेचं पुढे बघता येतं, श्वास थांबला तर पुढे बघायला काही उरत नाही. दोघं असते तर एकाने मान धरायची, दुसऱ्याने हेल्मेट सोडवायचं. यजमान एकटे होते. मृत्यू कशाने झाला हे शवविच्छेदनाचा अहवाल सांगतो, मेहुणा नाही. हे वाक्य मेहुण्याला ऐकवायला मात्र जाऊ नका. माणूस गेलेलं घर आहे ते, आणि ठोकर देणारा सापडला नसला की राग समोर दिसेल त्याच्यावर निघतो. फोनवर वाद घालू नका. फोन कधी आला, काय म्हणाला, एवढं वहीत टिपून ठेवा. कोर्टाचा किंवा वकिलाचा कागद आला तर तो बाजूला ठेवून द्यायचा नाही, वकिलाला दाखवायचा. तोवर तो फक्त फोन आहे.

आता पोलीस. इथे दोन गोष्टींची गल्लत झालीय, आणि ती फक्त तुमच्याच घरात झालेली नाही. जखमीला उचलणारा वेगळा आणि अपघाताचा साक्षीदार वेगळा. उचलणारा आपोआप साक्षीदार होत नाही. तो स्वतः तयार असेल तरच होतो. केंद्राने सप्टेंबर २०२० च्या अखेरीस मोटर वाहन नियमांत १६८ आणि १६९ हे दोन नियम घातले, ते ह्यासाठीच. पहिला म्हणतो, मदत करणाऱ्याला नाव, पत्ता, ओळख सांगण्याची सक्ती पोलीसही करू शकत नाहीत आणि दुसरं कुणीही नाही. त्याला मानाने वागवायचं, जात-धर्म-लिंग-राष्ट्रीयत्व काहीही असो. दुसरा म्हणतो, तो साक्षीदार व्हायला तयार झालाच, तर जबाब त्याच्या सोयीच्या वेळी, सोयीच्या जागी घ्यायचा. म्हणजे घरी, दुकानात, जिथे तो म्हणेल तिथे, आणि अधिकाऱ्याने साध्या वेशात यायचं. स्थानकावरच बोलवायचं तर कारण लेखी नोंदवायचं. आणि काय विचारायचं ते एकाच बैठकीत विचारून संपवायचं. जबाब देणाऱ्याला समजत नसलेल्या भाषेत चौकशी होत असेल, तर दुभाषा द्यायचा.

यजमानांचा जबाब त्याच दिवशी झालाय. त्यानंतरची दोन्ही बोलावणी त्या नियमात बसत नव्हती, तिसरं तर नाहीच. ते पोचले तेव्हा माणूस पडलेला होता. ठोकर त्यांनी पाहिलेली नाही. सांगण्यासारखं तेवढंच, आणि ते सांगून झालंय.

शिवाय फोन म्हणजे नोटीस नव्हे. साक्षीदाराला बोलवायचं तर पोलिसांनी लेखी आदेश द्यायचा असतो. पूर्वी ते फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १६० मध्ये होतं, १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७९ मध्ये आहे. 'सोमवारी या' असं फोनवर सांगणं ही आपल्याकडची सवय झाली. बहुतेक वेळा त्यात वाकडं काही नसतं, हवालदाराला कागद पुरा करायचा असतो एवढंच. पण त्या सवयीपायी एका भाजीवाल्याचे दोन दिवस गेले, आणि पुढच्या वेळी गाडी थांबवताना तो दोनदा विचार करणार, याचा हिशेब कोण ठेवतो?

इथवर सगळं तुमच्या बाजूचं. पण "तुमचीच गाडी लागली नाही ना?" ह्या प्रश्नाला मी हलकं घेणार नाही, तुम्हीही घेऊ नका. १३४-अ ची ढाल मदत करणाऱ्याला आहे, ठोकर देणाऱ्याला नाही. ज्याच्या गाडीने अपघात झाला त्याने जखमीला इस्पितळात नेणं, पोलिसांना आणि विमा कंपनीला कळवणं हे कलम १३४ खाली त्याचं कर्तव्यच आहे. ते केलं म्हणून तो मदतकर्ता ठरत नाही. त्यामुळे ठोकर देणारा बेपत्ता आणि जखमीला घेऊन येणारा गाडीवाला समोर, अशा वेळी तपास अधिकाऱ्याच्या मनात शंका यावी यात नवल नाही. शंका घ्यायचा त्याला अधिकार आहे. ती मिटवणं आपल्या हिताचं आहे, आणि मिटवायची ती कागदाने.

तेव्हा माझं मत असं. नियम आपल्या बाजूने आहे म्हणून हटून बसू नका, आणि बोलावलं म्हणून हात जोडून पळतही जाऊ नका. सोमवारच्या आधी एक पानभर अर्ज लिहा. साध्या मराठीत चालेल. किती वाजता बेळगावातून निघालो, केरीच्या चेकनाक्यावरून कधी गेलो, १०८ ला फोन कधी लावला, इस्पितळात कधी पोचलो, काय पाहिलं आणि काय पाहिलं नाही. जबाब अमुक तारखेला दिलेला आहे, आणखी काही विचारायचं असल्यास नियम १६९ प्रमाणे घरी यावं, मी अमुक वेळेला असतो. सोबत जोडायला: १०८ ला लावलेल्या कॉलचा फोनमधला स्क्रीनशॉट, बेळगावच्या अडतीचं त्या पहाटेचं बिल, गाडीच्या पुढच्या भागाचे आणि डाव्या बाजूचे फोटो. गाडी अजून रंगवली किंवा ठोकून घेतली नसेल तर आता घेऊ नका, एखादा जुना पोचा असला तरी असू दे. त्या दुपारी गाडी ठेवून घेतली तेव्हा पंचनामा झाला का, मोटर वाहन निरीक्षकाने पाहिली का, झाली असेल तर त्या कागदाची प्रत मागा. गाडीवर ठोकरेची खूण नाही असं त्यात लिहिलेलं असेल, तर विषय तिथेच संपतो. अर्ज दोन प्रतींत न्या, एकीवर स्थानकाचा शिक्का आणि आवक क्रमांक घ्या. शिक्का द्यायला कुरकुर झाली तर तोच अर्ज पोस्टाने, पोचपावतीसह.

तरीही नोटीस आली, तर तिच्यावर कलम कोणतं लिहिलंय ते आधी बघा. १७९ असेल तर ती साक्षीदाराची. कलम ३५ असेल तर ती संशयिताची, आणि मग वकिलाशिवाय एक पाऊलही टाकू नका. वकिलाची फी झेपत नसेल तर १५१०० हा विधी सेवा प्राधिकरणाचा क्रमांक आहे.

गाडी अडकवण्याबद्दल. अपघातात सापडलेली गाडीसुद्धा तपासणीचे सोपस्कार उरकून २४ तासांत परत द्यायची असते, कलम १३६ सांगतं. जी गाडी नुसतीच जखमीला घेऊन आली, ती कशासाठी अडकवली याचं लेखी कारण त्याच वेळी मागता येतं. कुजलेल्या भाजीचे पैसे मात्र ह्या नियमांतून मिळत नाहीत. चवथीच्या तोंडावर निम्मा माल जाणं म्हणजे काय, हे बाजारात बसणाऱ्यालाच कळतं. नियम लिहिणाऱ्याला ते सुचलं नाही खरं.

इस्पितळाने पैसे मागितले, ते तर सरळसरळ चूक. अपघातातल्या जखमीला आणणारा नातेवाईक नसेल, तर त्याच्याकडून दाखल करण्याचे वा नोंदणीचे पैसे मागायचे नाहीत आणि त्याला थांबवूनही ठेवायचं नाही, हे केंद्राच्या १२ मे २०१५ च्या मार्गदर्शक सूचनांतच आहे. डॉक्टरने आधी उपचार करायचे, पोलिसांचे कागद मागाहून, हे तर सर्वोच्च न्यायालयाने १९८९ सालीच परमानंद कटारा खटल्यात सांगून ठेवलंय. आणि आता २०२५ पासून अपघातग्रस्तांसाठी रोखरहित उपचारांची केंद्राची योजना आहे: अपघातापासून ७ दिवसांपर्यंत, माणशी दीड लाख रुपयांपर्यंत, योजनेतल्या इस्पितळांत. म्हणजे काउंटरवर "पैसे कोण भरणार?" असा प्रश्न आला, तर उत्तर "मी नाही" एवढंच, आणि ते ओशाळून द्यायचं कारण नाही. एमएलसी (मेडिको-लीगल केस, म्हणजे पोलिसांत नोंदवायचं वैद्यकीय प्रकरण) म्हणून पोलिसांना कळवणं हे इस्पितळाचं काम. रजिस्टरमध्ये 'ब्रॉट बाय' (कुणी आणलं) ह्या रकान्यात काय लिहायचं ते आणणाऱ्याच्या मर्जीवर. नाव द्यायचं नसेल तर नुसतं 'वाटसरू' लिहायला सांगता येतं. मदत करणाऱ्याचे हक्क सांगणारा फलक प्रत्येक सरकारी आणि खाजगी इस्पितळाने दर्शनी भागात हिंदी, इंग्रजी आणि स्थानिक भाषेत लावायचा आहे. पुढच्या खेपेला औषध आणायला गेलात की दारापाशी मान वर करून बघा, आहे का. नसेल तर वैद्यकीय अधिकाऱ्याला दोन ओळींचं पत्र लिहायला पाच मिनिटं पुरतात.

सासूबाईंवर रागावू नका. हा कायदा आणण्यासाठी सर्वोच्च न्यायालयात जनहित याचिका करणाऱ्या सेव्हलाइफ फाउंडेशनने २०१३ मध्ये पाहणी केली होती. १०० तले ७४ जण म्हणाले, आपण जखमीला मदत करायला पुढे होणार नाही. आणि त्या ७४ पैकी बहुतेकांचं, ८८ टक्क्यांचं कारण एकच – पोलीस आणि कोर्टकचेऱ्या. ही संस्था काढणारे पीयूष तिवारी यांचा चुलतभाऊ २००७ साली दिल्लीत रस्त्यावर जखमी होऊन पडला होता, माणसं बघत राहिली, आणि तो वाचला नाही. याचिका २०१२ ची, आणि ३० मार्च २०१६ रोजी न्यायालयाने केंद्राच्या सूचनांना कायद्याचं बळ दिलं. सासूबाईंचं अर्धंअधिक आयुष्य त्याआधीचं आहे. त्यांनी पाहिलेल्या काळात त्यांचं म्हणणं शहाणपणाचंच होतं.

चोर्ल्याचा विषय निघालाच आहे तर हेही सांगते, कारण यजमानांचा रोजचा रस्ता तो. त्या घाटात थोड्याशा अंतरात कर्नाटक, महाराष्ट्र, गोवा तिन्हीची हद्द लागते. अपघात नेमका कुणाच्या हद्दीत, ह्यावरून पोलीस आपसांत काय ते ठरवतील, मदत करणाऱ्याने त्यात पडू नये. १३४-अ आणि ते दोन नियम केंद्राचे आहेत, तिन्ही राज्यांत सारखेच लागू. जखमीला जवळ पडेल त्या इस्पितळात न्यायचं, मग ते घाटाच्या वर असो की खाली. कर्नाटकाने तर याबाबत स्वतःचा वेगळा कायदाही केलाय, २०१६ चा.

एक कुंपण मात्र माहीत असू द्या. हे सगळं मोटर अपघातापुरतं आहे. जत्रेत कुणी छातीला हात लावून कोसळला आणि तुमच्या मुलाने त्याची छाती दाबून श्वास आणायचा प्रयत्न केला, कळंगुटच्या किनाऱ्यावर बुडत्याला ओढून काढताना कुणाचा हात निखळला, तर १३४-अ तिथे लागू नाही. तिथे भारतीय न्याय संहितेचं कलम ३० कामाला येतं. माणूस संमती द्यायच्या स्थितीत नाही, त्याच्या वतीने बोलणारं कुणी वेळेत मिळण्यासारखं नाही, अशा वेळी त्याच्या भल्यासाठी सद्हेतूने केलेलं कृत्य गुन्हा ठरत नाही. जुन्या दंड संहितेत तेच कलम ९२ होतं, म्हणजे १८६० पासूनचं. पण ते गुन्ह्यापुरतं बोलतं, नुकसानभरपाईच्या दाव्याबद्दल नाही, आणि नाव न सांगण्याचा हक्कही त्यात नाही. रस्त्यावरच्या मदतीला जेवढं भक्कम छप्पर मिळालंय, तेवढं जत्रेतल्या मदतीला अजून नाही. माझ्या मते हे उफराटं आहे. छातीत कळ येऊन पडलेल्याला वाचवणारा काय कमी भला असतो?

मुलाचं. थांब असंच सांगा. पण नुसतं 'थांब' सांगून सोडू नका. कायद्याने वाटसरूवर थांबायची सक्ती केलेली नाही, हे त्याला ठाऊक असू द्या. हात लावायचं धैर्य झालं नाही तर १०८ ला किंवा ११२ ला फोन करून जागा नीट सांगणं हीसुद्धा मदत, आणि फोन करणाऱ्यालाही नाव सांगावं लागत नाही. जागा सांगताना 'घाटात' म्हणून भागत नाही. किलोमीटरचा दगड, देऊळ, साकव, जवळचा बार, जे दिसेल ते सांगायचं. पावसात आपल्याकडच्या वळणांवर दुसरा अपघात पहिल्याच्या अंगावर येऊन आदळतो, म्हणून आधी बाइक कडेला, इंडिकेटर चालू, आणि कुणालातरी वळणाच्या अलीकडे हात दाखवत उभं करायचं. रक्त वाहत असेल तर स्वच्छ कापड – रुमाल, लुंगी, काहीही – जखमेवर घट्ट दाबून धरायचं आणि उचलून उचलून बघायचं नाही. अंगात काही घुसलं असेल तर ओढून काढायचं नाही. पाणी पाजायचं नाही. आपल्या लोकांना पहिलं पाणीच आठवतं, पण शुद्ध नीट नसेल तर ते फुप्फुसात जातं, आणि पुढे शस्त्रक्रिया करायची असेल तर पोटातलं पाणी अडचण करतं. रुग्णवाहिका येण्यासारखी असेल तर जखमीला हलवायचं नाही. येण्यासारखी नसेल, तर यजमानांनी केलं तेच करायचं: पाठ-मान एका रेषेत ठेवून आडवं, सपाट जागेवर. दुचाकीवर दोघांच्या मध्ये बसवून न्यायचं तर मुळीच नाही, आणि हे मी आपल्याकडे पाहिलेलं आहे म्हणून लिहिते.

अजून एक, जे कुठल्याच नियमात नाही. जखमीच्या गळ्यातली चेन, हातातलं कडं, फोन, पाकीट. इस्पितळात शिरताच ते सगळं नर्सच्या पुढ्यात ठेवून कागदावर लिहून घ्यायला लावायचं, आणि त्या कागदाचा फोटो काढून ठेवायचा. मदत करणाऱ्यावर हयगयीचाच नव्हे, सोनं लांबवल्याचाही आरोप होऊ शकतो. आणि फोन हातात आहे म्हणून जखमीचा व्हिडिओ काढत उभ्या राहणाऱ्यांत आपला मुलगा नसावा. फोटो काढायचाच असेल तर पळणाऱ्या गाडीच्या नंबरप्लेटचा.

विधी आयोगाने २००६ च्या आपल्या २०१ व्या अहवालात म्हटलंय की जखमी तासाभरात इस्पितळात पोचले तर निम्मे तरी मृत्यू टळू शकतात. केरीहून बांबोळीला पावसात पिकअपने जायला तोच एक तास लागतो. यजमान मधल्या इस्पितळात थांबले ते बरोबरच केलं. तिथे श्वास-रक्त सांभाळलं गेलं, म्हणून तो माणूस बांबोळीपर्यंत तरी पोचला आणि घरच्यांना त्याच्याजवळ बसायला मिळालं. हे यजमानांना कुणीतरी सांगायला हवं. तुम्ही सांगा.

केंद्राची राहवीर योजना आहे. गंभीर जखमीला पहिल्या तासात इस्पितळात पोचवणाऱ्याला २५,००० रुपये. आधी, २०२१ मध्ये ती सुरू झाली तेव्हा ५,००० होते. त्यासाठी नाव द्यावं लागतं, आणि पोलिसांकडून वा इस्पितळाकडून पोचपावती लागते. यजमानांना ते पैसे घेण्यात गैर काही नाही. पण मेहुणा असा पेटलेला असताना मी तुमच्या जागी असते तर अर्ज थोडा लांबवला असता. पोचपावती मात्र आत्ताच मागून ठेवा. 'ह्यांनी जखमीला आणलं' असं लिहिलेला तो एक कागद गाडीबद्दलच्या शंकेलाही उत्तर ठरतो.

राहता राहिलं मयताचं घर. ठोकर देणारी गाडी सापडलीच नाही, तर त्यांना केंद्राच्या हिट अँड रन योजनेतून मृत्यूसाठी २ लाख रुपये मिळू शकतात. १ एप्रिल २०२२ पासून रक्कम एवढी झालीय, आधी ती २५,००० होती. अर्ज मामलेदार किंवा उपजिल्हाधिकारी कचेरीत करायचा. त्याला प्रथम खबर अहवाल, शवविच्छेदन अहवाल, वारसाचे कागद असं बरंच लागतं, आणि दुःखातल्या घरांना हे बहुधा कुणी सांगत नाही. गाडी पुढेमागे सापडली तर मडगावच्या किंवा पणजीच्या मोटर अपघात दावा न्यायाधिकरणात दावा लावता येतो, आणि मग माणूस किती वाजता, कुठे, कसा पडलेला होता हे सांगणारा एकच साक्षीदार असेल: तुमचे यजमान. त्या वेळी बोलायचं की नाही हे त्यांनी ठरवायचं आहे. मला विचाराल तर बोलावं, आणि तेही नियम १६९ प्रमाणे, आपल्या ओसरीवर बसून. पण ती वेळ अजून आलेली नाही. तूर्त गावातल्या पंचाला किंवा दोन्ही घरांना ओळखणाऱ्या कुणाला तरी गाठा आणि २ लाखांच्या अर्जाची माहिती त्यांच्याकरवी मयताच्या घरी पोचवा. मेहुण्याला तुम्ही स्वतः फोन करू नका.